आप्पांचा नंबर पोर्ट केला : दिवाळी ते शिमगा

आप्पांचा मोबाइल नंबर एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत न्यायला दिवाळीपासून शिमग्यापर्यंतचा काळ गेला. नियमाने हे काम कामकाजाच्या पाच दिवसांचं आहे. बाकीचे महिने कुठे गेले ते लिहून ठेवते, कारण गावी राहणाऱ्या आईवडिलांचे नंबर ज्यांना सांभाळायचे आहेत, त्यांना यातलं काही ना काही आडवं येणारच. दोन्ही कंपन्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही. आमच्या वाडीत जिची रेंज मिळत नाही, तिची तुमच्या गावात फुल्ल येत असेल.

आमची वाडी कुडाळपासून एसटीने पाऊण तासावर, उताराला आणि मागे डोंगर. आप्पा मुंबईतल्या छापखान्यातून निवृत्त होऊन गावी आले, येताना मुंबईचाच नंबर घेऊन आले. पीएफची पेन्शन आहे, त्यामुळे वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. दिवाळी २०२४ ला मी गावी होते, म्हणून मीच त्यांना सेवा केंद्रात घेऊन गेले. जीवन प्रमाण, म्हणजे हाच दाखला डिजिटल. त्यासाठी मोबाइलवर ओटीपी येतो. तो काही येईना. केंद्रातला मुलगा सरावलेला होता. म्हणाला, "काकानू, वडाकडे जावा, थयसर रेंज गावता." आप्पा वडाखाली, मी मशीनपाशी, आणि मधे निरोप्या म्हणून शेजारचा शाळकरी पोर. पहिला ओटीपी पोचेपर्यंत त्याची मुदत संपली. दुसऱ्याला काम झालं.

रेंजची ही रड दोन पावसाळ्यांपासूनची. कंपनीच्या कस्टमर केअरला फोन केला की डॉकेट नंबर मिळायचा आणि काही दिवसांनी ‘आपली तक्रार सोडवण्यात आली आहे’ असा मेसेज यायचा. तोसुद्धा वडाखाली गेल्यावरच मिळायचा. त्यात जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी पाठोपाठ दर वाढवले होते. जास्त पैसे भरून रेंज नाही, हे आप्पांनाही टोचत होतं.

सोपा उपाय म्हणजे नवं सिम घ्यायचं. आप्पांनी तो एका वाक्यात मोडीत काढला. "माका नंबर बदलूचो नाय. लोकांनी भिंतीर लिवन ठेयलोहा." ते खरंच आहे. गिरणीवाला, भटजी, गॅसवाला, मुंबईतले जुने सहकारी, सगळ्यांकडे वीस वर्षं तोच नंबर. शिवाय बँक, आधार, पेन्शन, गॅस सगळं त्यालाच जोडलेलं. एक नंबर बदलायचा तर पाच दारं ठोठवावी लागली असती, आणि त्यातल्या निम्म्या ठिकाणी आधी जुन्या नंबरावरचा ओटीपी मागितला असता. मग पोर्ट करायचं ठरलं.

पोर्टिंगची सोय आपल्याकडे पहिल्यांदा हरियाणात सुरू झाली, २५ नोव्हेंबर २०१० ला. सगळ्या देशात आली ती २० जानेवारी २०११ ला. त्याआधी नंबरच्या सुरुवातीवरून कंपनी कळायची. मुंबईत ९८२० म्हटलं की ऑरेंज, पुढे हच. ९८२१ म्हणजे बीपीएल. पुण्या-कोल्हापूरकडचा ९८२२ म्हणजे आयडिया. आणि ९४२२ असला की बीएसएनएल, म्हणजे बहुधा माणूस सरकारी. आता त्या आकड्यांवरून काही कळत नाही. कुठला नंबर सध्या कुठल्या कंपनीकडे आहे याची मध्यवर्ती नोंद असते, आणि कॉल लावण्याआधी तुमची कंपनी ती नोंद बघून कॉल कुठे पाठवायचा ते ठरवते.

सोय आली तेव्हा जायला जागाही भरपूर होत्या. एअरटेल, व्होडाफोन, आयडिया, रिलायन्स, टाटा, एअरसेल, युनिनॉर, सरकारी बीएसएनएल, मुंबईत लूप आणि एमटीएनएल. नंतरची गळती आपण सगळ्यांनी पाहिली. फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोबाइल कंपन्यांचे १२२ परवाने रद्द केले. नोव्हेंबर २०१४ मध्ये लूपचा मुंबईचा परवाना संपला आणि तिच्या लाखो ग्राहकांना नंबर घेऊन बाहेर पडावं लागलं. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, कॉल फुकट झाले, डेटा पाण्यासारखा झाला, आणि त्यापुढच्या तीन वर्षांत रिलायन्स कम्युनिकेशन्सची मोबाइल सेवा बंद पडली, एअरसेल दिवाळखोरीत गेली, टेलिनॉर (आधीची युनिनॉर) आणि टाटाचे ग्राहक एअरटेलकडे गेले, व्होडाफोन आणि आयडिया एकत्र आल्या. आता तीन खासगी आणि एक सरकारी. स्वस्ताई ग्राहकाने भरपूर उपभोगली, मीही. पण पोर्टिंगचा हक्क हातात असला तरी जायचं कुठे, हा प्रश्न आता जास्त जड झालाय. आणि शहरात बसून ज्या चार कंपन्या मोजता येतात, त्या आमच्या माजघरात येईपर्यंत दीडच उरतात.

म्हणून पहिलं काम केलं ते रेंज तपासण्याचं, आणि माझ्या मते सगळ्या प्रक्रियेत मोलाचं तेच होतं. कंपनीच्या संकेतस्थळावरचा नकाशा आमचं सगळं गाव रंगवून दाखवतो, त्यावर जाऊ नका. दिवाळीत घरी माणसं येतातच. जो येईल त्याचा फोन मागून घेतला आणि तो पडवीत, माजघरात, गोठ्यात, विहिरीजवळ आणि आप्पा झोपतात त्या खोलीत धरून पाहिला. नुसत्या दांड्या बघून भागत नाही, कॉल लावून दोन मिनिटं बोलायचं. चिऱ्याच्या जाड भिंतींत अंगणातली तीन दांड्यांची रेंज आत शून्य होते. सकाळी मिळालेली रेंज संध्याकाळी वीज गेल्यावर टिकते का, तेही बघायचं, कारण बॅटरी उतरलेला टॉवर असून नसल्यासारखाच. एका कंपनीची रेंज वीज गेल्यावर अर्ध्या तासात गेली. दुसरीची टिकली. निवड तिथेच झाली. दरपत्रक मी नंतर पाहिलं.

आणखी एक गोष्ट, जी दुकानदार आपणहून सांगतीलच असं नाही. आप्पांचा फोन जुना, बटणांचा, टूजीवर चालणारा. जिओचं जाळं पहिल्यापासून फोरजी, त्यामुळे असा फोन तिथे चालत नाही, फोनही बदलावा लागतो. बाकी कंपन्यांची टूजी सेवा तुमच्या भागात चालू आहे का, हे त्याच जुन्या फोनमध्ये शेजाऱ्याचं सिम घालून बघावं. आम्ही तसंच केलं.

मुंबईत परत आल्यावर दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर गेले. एका माणसाच्या नावावर किती नंबर आहेत ते तिथे कळतं, नऊपर्यंत चालतात. आप्पांचा नंबर टाकला, त्यांनी वडाखालून ओटीपी सांगितला, आणि यादीत त्यांच्या नंबरसोबत आणखी दोन नंबर दिसले. आकडे अर्धे झाकलेले, पण शेवट ओळखीचे. ते बाळादादाचे, म्हणजे माझ्या चुलतभावाचे. तेव्हा उलगडा झाला. २००४ साली लालबागच्या खोलीच्या भाड्याच्या पावतीशिवाय आप्पांकडे पत्त्याचा धड पुरावा नव्हता. बाळादादाकडे वाहन परवाना होता. सिम त्याच्या कागदांवर आलं आणि वीस वर्षं कुणाला त्याची आठवण राहिली नाही. त्या काळात घराघरात हेच झालंय. तुमच्याकडचे नंबर आजच तपासून बघा. ज्याच्या नावावर सिम आहे तो परदेशी असला किंवा वारला असला, तर कागद फार वाढतात.

पोर्ट ज्याच्या नावावर नंबर आहे त्याच्याच नावाने होतो. तेव्हा आधी जुन्या कंपनीतच मालकी बदलायची. नंबर मुंबई सर्कलचा, म्हणून हे काम कंपनीच्या मुंबईतल्याच गॅलरीत, म्हणजे दुकानात होईल, आणि देणारा-घेणारा दोघे समोर हवेत, असं सांगण्यात आलं. (सर्कल म्हणजे मोबाइल सेवेसाठी आखलेला विभाग. आमचा सिंधुदुर्ग महाराष्ट्र आणि गोवा सर्कलमध्ये येतो.) आप्पांना त्यासाठी बोलावलं असतं तर ते आले नसते. पण डिसेंबरात मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं होतं. तुतारी एक्सप्रेसने आले आणि डोळ्याबरोबर हेही उरकायचं ठरलं.

बाळादादा बदलापूरहून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला. त्या दिवशी सिस्टिम बंद होती. टोकन घेऊन दोन तास बसलो, मग "उद्या या." उद्या बाळादादाला जमणार नव्हतं, त्यामुळे पुढचा सोमवार उजाडला, ९ डिसेंबर. दोघांची मूळ आधार कार्डं, देणाऱ्याची संमती, दोघांचे समोर बसून फोटो. आता कागदी फॉर्म नसतो, जानेवारी २०२४ पासून सगळं डिजिटल झालंय. पण आप्पांचा अंगठा मशीन घेईना. छापखान्यात खिळे जुळवण्यात आणि नंतर गावी नारळ सोलण्यात त्यांच्या बोटांवरच्या रेषा गेल्यात. काउंटरवरची मुलगी चांगली होती. तिने बोटं ओल्या फडक्याने पुसायला लावली, उजवी झाली, डावी झाली, शेवटी म्हणाली, "आजोबा, राहू द्या," आणि कार्डाचा फोटो काढून दुसऱ्या पद्धतीने केवायसी केलं. त्यात पर्यायी नंबरवर ओटीपी येतो, तेव्हा सोबतच्या माणसाचा चालू फोन जवळ असू द्या. वयस्कर माणसाला घेऊन जात असाल तर ही दुसरी पद्धत आहे, हे माहीत असलेलं बरं. अंगठा लागला नाही म्हणून परत पाठवू लागले तर ती मागा.

पैसे काहीच लागले नाहीत. रिक्षा, चहा आणि बाळादादाची रजा, एवढाच खर्च. नवं सिम दिलं. सिम बदललं की पहिले २४ तास मेसेज बंद राहतात, ही फसवणूक टाळण्यासाठीची व्यवस्था आहे. त्या काळात बँकेचं काही करायचं असेल तर आधीच उरकून घ्या. आणि १ जुलै २०२४ पासून आणखी एक नियम आहे: सिम बदलल्यापासून सात दिवस पोर्टिंगचा कोड, म्हणजे नंबर दुसरीकडे न्यायला लागणारा कोड, मिळत नाही. कुणी तुमच्या नावाने बनावट सिम काढून लगेच नंबर पळवू नये म्हणून. आम्हाला तो आडवा आला, कारण आप्पा डोळ्याची तपासणी झाल्याबरोबर गाडीत बसले. "कुडाळात करूया" म्हणाले. म्हणजे मी पुन्हा गावी जाईपर्यंत थांबणं आलं.

मधल्या काळात एक गोष्ट आमच्या पथ्यावर पडली. आप्पा डेटा वापरत नाहीत, तरी प्रत्येक पॅकात तो गळ्यात पडायचा. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, कंपन्यांना फक्त कॉल आणि मेसेजचे पॅक ठेवणं सक्तीचं केलं आणि जानेवारीत ते आले. तेव्हा ८४ दिवसांना साडेचारशे ते पावणेपाचशेच्या आसपास, तिन्ही खासगी कंपन्यांचे जवळजवळ सारखेच. सारखेच, हे लक्षात घेण्यासारखं आहे. टाटा डोकोमोने २००९ मध्ये सेकंदावर पैसे लावले तेव्हा इतरांना धावत मागे यावं लागलं होतं; आता कोण कुणाला धावायला लावतंय, ते ग्राहकाला दिसत नाही.

त्याच जानेवारीत, १७ तारखेला, सरकारी निधीतून उभारलेल्या टॉवरवर जिओ, एअरटेल आणि बीएसएनएल अशा तिघांच्याही ग्राहकांना फोरजी मिळेल अशी योजना सुरू झाली. दुर्गम भागात चौघांनी चार टॉवर उभारण्यापेक्षा हे शहाणपणाचं. आमच्या वाडीला दिसणारा टॉवर त्यातला निघाला नाही.

शिमग्याला गेले. ११ मार्च २०२५, मंगळवार. सकाळी आप्पांच्या फोनवरून १९०० ला मेसेज केला: इंग्रजीत ‘पोर्ट’, मग एक जागा सोडून दहा आकडी नंबर. त्यासाठी जुनं सिम चालू हवं आणि मेसेज जायला हवा. बंद पडलेल्या सिमवरून लोक प्रयत्न करत बसतात. प्रीपेडमधला उरलेला पॅक आणि शिल्लक बुडते, म्हणून मी फेब्रुवारीत मोठं रिचार्ज न करता महिन्याचं केलं होतं. पोस्टपेड असेल तर आलेलं बिल भरलेलं पाहिजे. तसंच सध्याच्या कंपनीत नव्वद दिवस झालेले हवेत, आणि मालकी बदलाचा अर्ज अर्धवट पडलेला नको. २०१९ च्या डिसेंबरपासून हे सगळं कोड देण्याआधीच तपासलं जातं, त्यामुळे कोड मिळाला म्हणजे अर्धी लढाई संपली.

कोड आला, आठ अक्षरांचा. मुदत चार दिवस. म्हणून ज्या दिवशी दुकानात जायचं त्याच सकाळी मागवा. कागदावर उतरवून घ्या. जुन्या फोनवर इंग्रजी ओ आणि शून्य यांत फरक दिसत नाही.

कुडाळातल्या दुकानात अर्ध्या तासात काम झालं. आधार, समोर बसून फोटो, कोड, नवं सिम. सिमचे पैसे नाहीत, पॅकचे घेतले. एक महत्त्वाचं: नंबर मुंबईचा आणि सिम महाराष्ट्र-गोव्याचं, हे आम्ही सुरुवातीलाच सांगितलं, कारण सर्कल बदलत असेल तर तीनऐवजी कामकाजाचे पाच दिवस लागतात. ३ जुलै २०१५ च्या आधी तर हे शक्यच नव्हतं, सर्कलच्या बाहेर नंबर नेताच यायचा नाही. मन बदललं तर २४ तासांच्या आत १९०० लाच रद्द करण्याचा मेसेज पाठवता येतो.

आपलं मन बदलो न बदलो, जुन्या कंपनीला मात्र पाझर फुटतो. दुपारी घरी पोचेपर्यंत फोन सुरू झाले. दोन वर्षांत एकदाही इतक्या गोड बोलल्या नव्हत्या त्या बायका. सवलत, जादा मुदत, खास तुमच्यासाठी. आप्पा अंगणात खुर्ची टाकून ऐकत होते. म्हणाले, "आधी टॉवर बांधा, मगे माका फोन करा." आणि फोन ठेवला. फोन ठेवताना चेहऱ्यावर जे होतं ते मी त्यांच्या निवृत्तीनंतर पहिल्यांदा पाहिलं.

मधे धुळवडीची सुट्टी, मग रविवार. जुनं सिम तोवर फोनमध्येच ठेवायचं. घाई करून नवं घातलं तर दोन्ही बंद. सोमवारी मेसेज आला की १८ तारखेच्या रात्री नंबर वळेल. त्या वेळात काही तास फोन बंद राहू शकतो, तेव्हा घरात आजारी माणूस असेल तर शेजाऱ्यांचा नंबर सगळ्यांना देऊन ठेवा. मी मुंबईला परतले होते. रात्री मी नेहमीसारखी झोपले असं म्हणणार नाही; आप्पांचा फोन लागत नाही ही कल्पनाच वाईट. १९ ला सकाळी जुन्या सिमवर ‘नो सर्व्हिस’ आलं. शेजारच्या त्याच शाळकरी पोराने नवं सिम बसवलं, पडताळणीचा कॉल झाला, आणि सात वाजायच्या आत माजघरातून आप्पांचा फोन आला. माजघरातून, हे त्यांनी स्वतःच दोनदा सांगितलं.

नंबर तोच असल्याने बँकेत, पेन्शनमध्ये काही कळवावं लागलं नाही. बँकेचे मेसेज पहिल्या दिवशी उशिरा आले, दुसऱ्या दिवसापासून सुरळीत. तुम्ही यूपीआय वापरत असाल तर ते नव्या सिमवर पुन्हा पडताळून घ्यावं लागेल. पर्यायी नंबर म्हणून माझा नंबर दिलाय, तो नव्या कंपनीच्या नोंदीत आला का तेही विचारून घेतलं.

आता पुन्हा पोर्ट करायचं झालं तर नव्वद दिवस थांबायला हवं, म्हणजे साधारण १६ जून. तोवर पावसाळा लागलेला असेल. वीज रोज जाईल, आणि या टॉवरची बॅटरी किती टिकते ते कळेल. बाळादादाने दरम्यान त्याच्या आईच्या फोनचं संचार साथीवर पाहिलं. ते सिम आप्पांच्या नावावर आहे.